बंदी उठली, शीलाचे काय?

वाचकहो, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २७ मे २०२१ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. मधली सहा वर्षे कायदा म्हणत होता, 'पिऊ नकोस'. त्यानंतर कायद्याने तसे म्हणणे सोडून दिले. दुकाने उघडली तेव्हा गिऱ्हाईकच येत नाही, अशी तक्रार एकाही दुकानदाराने केल्याचे ऐकिवात नाही. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पाऊल टाकले की मात्र बंदी आहे आणि ती १९९३ पासून आहे. एकाच नदीचे पाणी पिणारी, एकच पंचशील म्हणणारी, एकमेकांशी सोयरिकी असलेली ही माणसे. अलीकडच्या काठावर बाटली विकणारा परवानाधारक व्यापारी ठरतो, पलीकडच्या काठावर तोच गुन्हेगार ठरतो. मग नीतीही नदीच्या काठाबरोबर बदलते काय?

हा प्रश्न उत्पादन शुल्क खात्यावर सोडून देता येणार नाही. माणसाला बाहेरून चांगले करता येते काय, की चांगुलपणा आतूनच यावा लागतो, या एका प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या विचारवंतांनी अडीच हजार वर्षे डोके शिणविले आहे. त्यांचे म्हणणे पुस्तकात वाचून परीक्षेपुरते पाठ करण्याची आपली सवय आहे. मी ते आपल्या जिल्ह्याच्या अनुभवावर घासून पाहावे म्हणतो. सहा वर्षांचा एवढा मोठा प्रयोग आपल्या अंगणात झाला. त्याचा हिशेब राजकारण्यांनी आपापल्या परीने मांडला. धम्माच्या दृष्टीने तो आपण मांडायचा आहे.

चीनमधला कन्फ्यूशियस जवळजवळ भगवान बुद्धांच्याच काळातला. तो राजांना सांगत असे की, लोकांना हुकूम आणि शिक्षा यांच्या बळावर हाकाल तर लोक शिक्षा चुकविण्याच्या वाटा शोधतील, आणि चुकविल्याची लाजही त्यांना वाटणार नाही. सदाचाराने पुढे व्हाल तर लोकांना लाज वाटू लागेल आणि ते आपणहून सरळ होतील. 'लाज' हा शब्द लक्षात ठेवा. बंदीच्या काळात चंद्रपुरात दारू येत होती ती नागपूरकडून, यवतमाळकडून, तेलंगणातून. ती आणणारा तरुण गावात तोंड लपवून फिरत नव्हता. उलट त्याच्याकडे नवी मोटारसायकल असे आणि चार पोरे त्याच्या मागे असत. शिक्षेची भीती थोडीफार होती, लाज मुळीच नव्हती. कन्फ्यूशियसला आपला जिल्हा ठाऊक नव्हता, पण माणूस ठाऊक होता.

ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटलचे म्हणणे जरा वेगळे. सद्गुण कोणी जन्मतः घेऊन येत नाही, तो सवयीने येतो. वाद्य वाजवून वाजवून माणूस वादक होतो, तसा न्यायाची कृत्ये करून करून तो न्यायी होतो. म्हणून चांगल्या कायद्याचे काम चांगल्या सवयी लावणे हे आहे. शिक्षक या नात्याने मला हे म्हणणे एकदम टाकून देता येत नाही. पहिलीतले मूल जेवणापूर्वी हात धुते ते गुरुजी म्हणतात म्हणून; जंतू त्याला चौथी-पाचवीत कळतात. आधी शिस्त, मग समज, हा क्रम लहानपणी चालतो. पण चाळीस वर्षांच्या माणसाला पोलिसाच्या काठीने सवय लागेल काय? लागली तर किती दिवस टिकेल? शिवाय ज्या ॲरिस्टॉटलने काही माणसे निसर्गानेच गुलाम असतात असे लिहून ठेवले, त्याच्या नगरात तुमची-माझी जागा कोणती असती, याचा विसर पडू देऊन त्याला डोक्यावर घेण्याचेही कारण नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली कायद्याचे कर्तव्य आणि नीतीचे कर्तव्य यांच्यात रेघ ओढली. कायदा हाताला धरू शकतो, हेतूला धरू शकत नाही. पोलिसांच्या भीतीने मी प्यालो नाही तर माझे शरीर शुद्धीवर राहिले हे खरे, पण त्याचे श्रेय पोलिसांचे. मी अजून नीतिमान झालेलो नाही. इंग्लंडमधला मिल याने १८५९ साली याच्याही पुढची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या मेन राज्याने १८५१ मध्ये दारूबंदी केली होती, तिच्यावर त्याने कडक टीका केली. प्रौढ माणसाने स्वतःचे नुकसान केले तर त्याला समजवा, विनवा, पण दंड करू नका. दुसऱ्याचे नुकसान केले तरच कायद्याने आडवे यावे, हे त्याचे सूत्र. पुढे साऱ्या अमेरिकेने १९२० पासून १९३३ पर्यंत बंदी करून पाहिली आणि शेवटी राज्यघटनेत दुरुस्ती करून ती मागे घेतली. तेरा वर्षांत तिथे गुंडांच्या टोळ्या धनाढ्य झाल्या. आपल्याकडे सहा वर्षांत काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे.

टॉलस्टॉयने या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने हात घातला. माणसे नशा का करतात, यावर त्याने १८९० साली एक निबंध लिहिला. चव, थकवा, सोबत ही कारणे त्याने बाजूला सारली आणि म्हटले की माणूस पितो तो सदसद्विवेकाचा आवाज बंद करण्यासाठी. जे शुद्धीत करवत नाही ते करता यावे म्हणून, आणि केलेले शुद्धीत आठवू नये म्हणून. वाचकहो, हे वाक्य सगळ्यांना लागू पडेल असे मला वाटत नाही. धानाच्या बांधीत दिवसभर कंबर वाकवून रोवणी करणारा मजूर विवेकाचा आवाज दाबायला पितो असे म्हणणे हा जमीनदाराच्या मुलाचा भाबडेपणा झाला, आणि टॉलस्टॉय जमीनदार होताच. पण निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत बाटल्या वाटणारा उमेदवार नेमके काय विकत घेतो, ते टॉलस्टॉयने बरोबर ओळखले आहे. तो तुमचे मत विकत घेत नाही. मत देताना तुमच्या आत जो बोलतो त्याला तो झोपवून ठेवतो.

आता आपल्या मातीकडे येऊ. सम्राट अशोकाच्या हातात दंड होता, सैन्य होते, आणि नीतीची कळकळही होती. राज्याभिषेकाला सत्तावीस वर्षे झाल्यावर त्याने आपल्या आयुष्याचा जमाखर्च एका स्तंभावर कोरून ठेवला. मूळचा तोपऱ्याचा तो स्तंभ आज दिल्लीत फिरोजशहा कोटल्यावर उभा आहे आणि त्यावरचा सातवा लेख दुसऱ्या कोणत्याही स्तंभावर सापडत नाही. लोकांमध्ये धम्माची वाढ दोन मार्गांनी झाली, असे अशोक त्यात सांगतो. एक मार्ग धम्मनियमांचा, म्हणजे राजाने घातलेल्या बंधनांचा. दुसरा 'निझति'चा, म्हणजे समजावून, विचार करायला लावून मन वळविण्याचा. अमुक अमुक प्राणी मारू नयेत असे नियम त्याने स्वतः केले होते. तरी तो स्वच्छ कबुली देतो की नियमाने झाले ते थोडे; खरी वाढ झाली ती मन वळविण्याने.

ही कबुली एखाद्या भिक्खूने दिली असती तर तिचे एवढे मोल नव्हते. ज्याच्याजवळ काठी नाही तो काठीची निंदा करणारच. इथे काठी हातात असलेला माणूस सत्तावीस वर्षांनंतर सांगतो आहे की काठीने फारसे काही झाले नाही. आणि एक गोष्ट नीट पाहा. नियम निरुपयोगी ठरले म्हणून ते मागे घेतले, असे मात्र तो म्हणत नाही. थोडे म्हणजे शून्य नव्हे. या 'थोडे' शब्दाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

अशोकाला ही दृष्टी कोठून आली? वाचकहो, आपण दर रविवारी विहारात पाचवे शील म्हणतो. त्यातले क्रियापद कोणते आहे याचा कधी विचार केला आहे काय? 'समादियामि', म्हणजे मी स्वीकारतो, मी अंगावर घेतो. कोणी वरून आज्ञा केली आणि मी मान डोलावली, असा त्याचा अर्थ नाही. शीलाला 'सिक्खापद' म्हटले आहे, म्हणजे शिकण्याची पायरी. शिकणारा कधी अडखळतो, पुन्हा उभा राहतो. त्याला नरकाची भीती घातलेली नाही. आणखी एक बाब. पाचांपैकी पहिल्या चार शिलांत केवळ कृत्याचे नाव आहे: हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य. पाचव्यातच कारण सांगून ठेवले आहे. मद्य हे 'पमादट्ठान' आहे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण आहे, म्हणून ते टाळायचे. बाकी चारांना कारण द्यावे लागले नाही. त्यांचे वाईटपण समोरच्याच्या तोंडावर दिसते. पिण्याचे वाईटपण मात्र दिसत नाही, कारण सुरुवातीला घोट गोडच लागतो. म्हणून तथागतांनी तेथे कारणाची खूण ठेवली.

राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश करतानाही त्यांनी पिण्याचे सहा तोटे मोजून दाखविले: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव बदनाम होते, लाज उघडी पडते, बुद्धी मंदावते. सहाही तोटे याच जन्मातले. परलोकाची धमकी त्यांत नाही. आमच्या शेजारच्या कोणत्याही बाईला विचारा, ती हे सहाही तोटे न अडखळता सांगेल आणि प्रत्येकाचे उदाहरण घरातूनच देईल.

भिक्खूंसाठी मात्र तथागतांनी नियमच केला. त्याचीही कथा विनयात आहे. सागत नावाच्या भिक्खूला कोसंबीच्या लोकांनी प्रेमापोटी घरोघर मद्य पाजले आणि तो मोठा ऋद्धिवान भिक्खू नगराच्या वेशीत आडवा पडला. तेव्हा नियम झाला. संघात जो स्वेच्छेने आला त्याला नियम, गृहस्थाला सिक्खापद, असा हा फरक आहे. आणि व्यापाऱ्याला? अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आपण पिणाऱ्याचे शील बोलत बसतो आणि विकणाऱ्याची आजीविका विसरतो. पिणाऱ्याला व्यसनी म्हणतो, विकणाऱ्याला शेठ म्हणतो आणि जयंतीच्या वर्गणीची पावती पहिल्यांदा त्याच्याच नावाने फाडतो. सम्यक आजीविका हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे की नाही, हे त्या पावतीपुस्तकावर कधीतरी छापायला हवे.

आता जो मुद्दा पुष्कळांना अडचणीचा वाटतो आणि म्हणून व्यासपीठावर कोणी काढत नाही, तो मी काढतो. बाबासाहेब सरकारी दारूबंदीच्या विरुद्ध होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा १९५१ चा निवडणूक जाहीरनामा वाचून पाहा. दारिद्र्य हटविण्यासाठी आणि शिक्षणासाठी पैसा कोठून आणायचा, याची चर्चा करताना बाबासाहेबांनी जे मार्ग सुचविले त्यांत दारूबंदी रद्द करणे हा एक मार्ग होता. त्यांनी महसुलाचेच कारण दिले असे नाही. बंदीमुळे घरोघर चोरून दारू गाळणे सुरू झाले; पूर्वी पुरुष पीत, आता डोळ्यांसमोर भट्टी लागते म्हणून बायका-मुलेही त्यात ओढली जातात, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, त्याचे परिणाम ते पाहत होते. सत्तर वर्षांनी चंद्रपूरची बंदी उठविताना शासनाने रमानाथ झा समितीच्या अहवालाच्या आधारे जी कारणे दिली, त्यांत अवैध दारू वाढली आणि स्त्रिया व मुले त्या धंद्यात ओढली गेली, हे कारण होतेच.

आणि याच बाबासाहेबांनी पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यात, आपल्या बापजाद्यांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सोहळ्याच्या जागी आपण दरवर्षी ऑक्टोबरात जमतो. मग बाबासाहेबांचे खरे मत कोणते, १९५१ चे की १९५६ चे?

दोन्ही खरी आहेत, आणि दोन्ही एकच आहेत. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांच्यात भेद केला होता. नियम सांगतो काय करायचे. तत्त्व माणसाला ठरवायला शिकविते. नियम पाळणारा यांत्रिकपणे पाळू शकतो, तत्त्व पाळणाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागते. धर्म हा तत्त्वांचा असावा, नियमांची जंत्री असू नये, असे ते म्हणाले. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी सांगितले की हक्कांचे रक्षण नुसत्या कायद्याने होत नाही, समाजाच्या नैतिक विवेकाने होते. आणि २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी साम्यवाद्यांना जो प्रश्न विचारला तो मला चंद्रपूरसाठीच विचारल्यासारखा वाटतो: बळ काढून घेतल्यावर काय उरते? बळावर उभी केलेली व्यवस्था बळ जाताच कोसळेल. मनाचा कल बदलून उभी केलेली व्यवस्था टिकेल. त्यानंतर सोळा दिवसांनी ते गेले. सहा वर्षांच्या बंदीतून आपल्या हाती काय उरले, याची परीक्षा या प्रश्नाने करा. निकाल आपल्या समोर आहे.

इथे लेख संपवला तर शहरातल्या काही विद्वानांना आनंद होईल. 'पाहा, कायदा व्यर्थ आहे, नीती खाजगी बाब आहे, आम्हाला सुखाने पिऊ द्या.' त्यांचा आनंद फार काळ टिकू नये, म्हणून पुढचे लिहितो.

ही बंदी मुंबईहून कोणी लादलेली नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. ज्या चिमूरने १९४२ साली इंग्रजांना हादरविले, त्याच गावातून या बायका निघाल्या. कितीतरी ग्रामपंचायतींनी ठराव केले. या बायकांनी कांट वाचला नव्हता, मिलही वाचला नव्हता. पण मिलच्या सूत्राचा उत्तरार्ध त्यांच्या पाठीवर उमटलेला होता. मिल म्हणतो, दुसऱ्याचे नुकसान झाले तर कायद्याने आडवे यावे. मग नवरा पितो तेव्हा 'दुसरा' कोण? तेंदूपत्त्याची मजुरी भट्टीवर जाते तेव्हा उपाशी कोण राहते? मिलने स्वतः लिहिले आहे की, पिऊन एकदा हिंसा करणाऱ्यावर कायद्याने खास निर्बंध घालावेत. पित्ताकस नावाच्या ग्रीक राज्यकर्त्याने तर पिऊन केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा ठेवली होती. ॲरिस्टॉटल त्याचा उल्लेख करतो. आपल्याकडे उलटा न्याय आहे. 'दारूच्या नशेत होता हो, एरवी माणूस चांगला,' असे म्हणून जातपंचायतीपासून नातेवाइकांपर्यंत सगळे त्याला माफ करतात. आपल्या समाजात दारू हा गुन्ह्याचा पुरावा होत नाही, ती गुन्ह्याची सबब होते.

म्हणून मी असे म्हणेन की, त्या बायका नवऱ्याला सद्गुणी करा अशी मागणी कायद्याकडे करतच नव्हत्या. त्या संरक्षण मागत होत्या. शील हे पिणाऱ्याने घ्यायचे आहे, पण मार खाणाऱ्या बाईला 'तुझा नवरा एक दिवस समादियामि म्हणेल, तोवर थांब' असे सांगणे हा धम्म होऊ शकत नाही. अस्पृश्यतेच्या बाबतीत बाबासाहेब मन वळण्याची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी घटनेत सतरावे कलम आणविले. आपल्याला ज्या न्यायाने ते कलम हवे होते, त्याच न्यायाने घरातली बाई कायदा मागते. अशोकाचे 'थोडे' ते हेच. कायद्याने माणूस चांगला होत नाही, पण दुकान दाराशी नसेल तर महिन्यातल्या काही रात्री शांत जातात. ज्याच्या घरात तशी एकही रात्र कधी वाया गेली नाही, त्याला 'काही रात्री' याचा अर्थ कळणार नाही.

महात्मा फुले १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा वस्तीत वाढत चाललेल्या दारूदुकानांच्या विरुद्ध त्यांनी लेखी हरकत घेतली. पिणाऱ्याला सुधारा असे म्हणत न बसता त्यांनी परवाना देणाऱ्याला जाब विचारला. हे फार महत्त्वाचे आहे. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये महसूल मागितला तो शिक्षणासाठी. आज दारूवर जमा होणाऱ्या कराकडे बोट दाखवून जे बाबासाहेबांचे नाव घेतात, त्यांनी आमच्या भागातल्या शाळांच्या इमारती एकदा पाहून जाव्यात आणि मग बोलावे.

गडचिरोलीची गोष्ट मला चंद्रपूरपेक्षा अधिक शिकविणारी वाटते. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी आपल्यापासून वेगळा झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले आणि गावोगावच्या सभांतून दबाव येऊन १९९३ मध्ये बंदी झाली. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव. तिथे गावसभा बहुमताने ठरवीत नाही, सर्वसहमतीने ठरविते. एकजण जरी पटले नाही म्हणाला तरी पुन्हा बसायचे. दारूचा प्रश्न बायकांनी पुढे आणला आणि तो याच रीतीने सोडवायचे ठरले. देवाजी तोफांसारखे कार्यकर्ते आणि गावचा अभ्यासगट चर्चा करीत राहिले. अशोकाचा 'निझति' शब्द त्यांच्यापैकी कोणी ऐकला नसेल, पण तो कसा दिसतो हे पाहायचे तर मेंढ्याला जावे. ज्या गावाला स्वतःच्या घरातल्या बाटलीबद्दल असे बसून बोलता आले, त्याच गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला. या दोन गोष्टींचा संबंध नाही असे मला वाटत नाही.

आणि इथेच आपण बौद्धांनी थोडे जपून बोलावे असे आहे. मोहाचे झाड आदिवासीला अन्न देते, तेल देते, रोख पैसा देते, आणि त्याच्या फुलांची दारू देवाला वाहिली जाते, जन्माला आणि मरणाला लागते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दारूबंदीच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा जयपालसिंग मुंडा यांनी उठून सांगितले की हा आदिवासींच्या धार्मिक हक्कावर घाला आहे. बाबासाहेबांनी त्या चर्चेला उत्तर देताना हे मार्गदर्शक तत्त्व असून ते अंमलात केव्हा आणायचे हे राज्याने आणि लोकमताने ठरवायचे आहे, अशी भूमिका घेतली. तेच आजचे ४७ वे कलम. शील आपण घेतले आहे, मडियाने घेतलेले नाही. जे त्याने अंगावर घेतलेच नाही त्याच्यासाठी त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या पूर्वजांना 'घाणेरडे' म्हणणाऱ्यांची भाषा आपण मोहाच्या सडव्याजवळ उभे राहून दुसऱ्याला वापरू लागलो, तर १९५६ मध्ये आपण काय सोडून आलो होतो, याचाच विचार पुन्हा करावा लागेल.

आपण आपल्या घरातले बोलावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे पंचशील ध्वज आणि मागे झिंगलेली पोरे, हे दृश्य कोणाला नवे नाही. त्याहून बोचणारी गोष्ट वेगळी आहे. नोकरीला लागलेला, फ्लॅट घेतलेला, मुले इंग्रजी शाळेत घातलेला आपला वर्ग आता 'सोशल ड्रिंकिंग' म्हणू लागला आहे. वस्तीतला भाऊ देशी पितो म्हणून त्याच्यामुळे समाजाचे नाव खराब होते, आणि साहेब परवाना असलेल्या हॉटेलात बसतो ती प्रतिष्ठा! पाचव्या शीलात देशी-विदेशी असा भेद कोठे केला आहे, हे कोणी दाखवून द्यावे. मोठ्या पगाराचा माणूस पिऊन मोटार चालवितो तेव्हा बेसावधपणाचे ठिकाण त्याच्या हातात असते आणि रस्त्याने जाणारा सायकलवाला दुसऱ्याच्या प्रमादाने मरतो.

सहावीच्या वर्गाला मी गुणाकाराचे एक उदाहरण घालतो. एका घरात रोज शंभर रुपये एका वस्तूवर खर्च होतात, तर वर्षाला किती? छत्तीस हजार पाचशे. दहा वर्षांत? तीन लाख पासष्ट हजार. वस्तूचे नाव मी कधीच सांगत नाही. मुले ते विचारतही नाहीत. उत्तर आल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मी इतर कोणत्याही गणिताला पाहिलेली नाही. एका मुलीने मात्र यंदा विचारले, 'गुरुजी, रोज दोनशे असतील तर?' मी म्हटले, 'तूच कर.' तिने फळ्यावर केले आणि जागेवर जाऊन बसली.

काय करावे, असे विचारणारे वाचक असतात. महाराष्ट्रात एक तरतूद आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या नोंदलेल्या महिला मतदारांपैकी, अथवा एकूण मतदारांपैकी, निम्म्याहून अधिकांनी गुप्त मतदानात 'आडव्या बाटली'ला मत दिले तर तेथील दुकान बंद करता येते. नुसत्या आलेल्या मतांच्या निम्म्याने भागत नाही, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणून घरोघर जावे लागते. तेथे जो बसून समजावतो त्याला एका परवान्यासाठी चार-पाचशे घरांचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि दर घरात सासू, सून, सासरा, पोरगा अशा प्रत्येकाशी वेगळे बोलावे लागते. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने यावर्षी वर्षावासात ग्रंथवाचनाबरोबर हे काम घ्यायचे ठरविले आहे. पहिल्या सभेत मतदार यादी वाचायला घेतली तेव्हा विहाराच्या कार्यकारिणीतील दोन सभासद पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. ते दोघे परत आल्यावर अध्यक्ष बाईंनी यादी पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला सुरुवात केली.